स्मार्ट टीव्ही सारखा अडकतोय, बंद पडतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरचा स्मार्ट टीव्ही आठ महिन्यांचा असताना रोज आपोआप बंद पडायला लागला. तो धड होईपर्यंत पाच महिने गेले. त्या काळात मी जे वाचलं, करून पाहिलं आणि कंपनीशी भांडताना शिकले, त्यावर आता ओळखीचे लोक येऊन विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहितेय.

टीव्ही नवाकोरा आहे, तरी अडकतो. माझंच काही चुकतंय का?

नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण कस्टमर केअरशी दोन-चारदा बोललं की माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो. ‘तुमचं नेट स्लो असेल’, ‘तुम्ही जास्त ॲप घेतली असतील’, ‘लहान मुलं रिमोट दाबत असतील’ ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकली की एकदा मीच मुलीला ओरडले. तिचा काहीही दोष नव्हता, बिघाड मदरबोर्डचा (टीव्हीच्या आतल्या मुख्य सर्किटचा) निघाला. त्या ओरडण्याचं मला अजून वाईट वाटतं.

स्मार्ट टीव्ही म्हणजे मोठा पडदा जोडलेला छोटा कॉम्प्युटर. रोजची कटकट बहुतेक वेळा पडद्यामुळे होत नाही, आतल्या कॉम्प्युटरमुळे होते. आपण पैसे मात्र दोन्हीचे एकत्र मोजलेले असतात. त्यामुळे ‘हार्डवेअर ठीक आहे, सॉफ्टवेअरचा इश्यू आहे’ असं कोणी म्हणालं तर ते मान्य करून गप्प बसू नका. सॉफ्टवेअर बिघडलं म्हणजे टीव्हीच बिघडला.

पहिले काही महिने झकास चालला, मग हळू का झाला?

कारण आतलं सामान बेताचं असतं. बऱ्याच टीव्हींमध्ये रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती स्मृती) फक्त १ ते २ जीबी आणि साठवणीची जागा ८ जीबी असते. त्या ८ जीबीतला मोठा भाग टीव्हीची स्वतःची सिस्टीमच घेते. उरलेल्या जागेत ॲप, त्यांचा साठलेला कॅशे (तात्पुरती माहिती) आणि अपडेटच्या फायली दाटीवाटीने बसतात. टीव्ही तोच राहतो, पण ॲप दर अपडेटला जड होत जातात. होम स्क्रीनवर आपण न मागितलेले ट्रेलर आणि जाहिराती आपोआप चालू होतात, तो भारही त्याच प्रोसेसरवर पडतो.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. बहुतेक लोक रिमोटने टीव्ही ‘बंद’ करतात तेव्हा तो बंद होतच नाही, स्टँडबायवर जातो. क्विक स्टार्ट किंवा तशा नावाची सोय चालू असेल, तर आतली सिस्टीम महिनोन्‌महिने एकदाही नव्याने सुरू झालेली नसते. रॅममध्ये जे साचलंय ते साचूनच राहतं.

म्हणून आधी एवढं करा. न लागणारी ॲप काढून टाका, जी काढता येत नाहीत ती निदान बंद करा. रोजच्या वापरातल्या ॲपचा कॅशे साफ करा. होम स्क्रीनवरचे आपोआप चालणारे व्हिडिओ सेटिंगमधून थांबवा. मग टीव्हीचा प्लग काढा, एक-दोन मिनिटं थांबा आणि पुन्हा लावा. एवढ्यावर बराच फरक पडतो. आठवडाभरात तो परत रखडायला लागला तर मात्र ही नुसती साफसफाईची बाब नाही.

मग रोज रात्री प्लग काढूनच ठेवू का?

साधा एलईडी टीव्ही असेल तर काढलात तरी बिघडत नाही. ओएलईडी (ज्यात पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) असेल तर रोज काढू नका. ओएलईडी पडदा काही तास वापरून झाला की स्टँडबायमध्ये असताना स्वतःची डागडुजी करतो, पिक्सेलची झीज मोजतो आणि समतोल साधतो. प्लगच काढला तर हे काम राहून जातं आणि पडद्यावर छाप उमटण्याचा धोका वाढतो.

चकरी फिरत राहते. दोष नेटचा की टीव्हीचा?

अंदाज बांधत बसू नका, दहा मिनिटांत शोधून काढता येतं. टीव्हीच्या शेजारी उभं राहून फोनवर, त्याच वायफायवर, तोच व्हिडिओ लावा. फोनवर सुरळीत चालतो आणि टीव्हीवर अडकतो, तर निदान नेटची लाइन निर्दोष. मग फोनचा हॉटस्पॉट सुरू करून टीव्ही त्यावर जोडा. तरीही अडकला तर राउटरही सुटला. उरला टीव्ही.

नेटफ्लिक्सचा सल्ला असा की फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस आणि ४के साठी १५ एमबीपीएस वेग हवा. म्हणजे १०० एमबीपीएसचं कनेक्शन घेऊनही चकरी फिरत असेल तर प्लॅन वाढवून काही होणार नाही. त्याआधी राउटर कुठे आहे ते पाहा. टीव्हीची वायफायची अँटेना त्याच्या पाठीत असते, पुढे भलामोठा पडदा आणि मागे भिंत. ५ गिगाहर्ट्‌झचा वायफायचा बँड (लहरींचा पट्टा) वेगवान असतो पण भिंतीपलीकडे लवकर मार खातो. २.४ चा लांब पोचतो पण त्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी असते. दोन्हीवर जोडून पाहा. जमत असेल तर सरळ केबल टाका. बऱ्याच टीव्हींचा केबलचा पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, म्हणून वेग मोजला तर वायफायपेक्षा कमी आकडा दिसेल. घाबरू नका. व्हिडिओला स्थिर वेग लागतो आणि तो केबल देते.

घरात सगळीकडे नेट चालू आहे, पण टीव्ही म्हणतो ‘इंटरनेट नाही’.

टीव्हीवरची तारीख आणि वेळ पाहा. हसू येईल इतकं साधं कारण आहे, पण खरं आहे. सुरक्षित जोडणी करताना टीव्ही समोरच्या सर्व्हरचं डिजिटल प्रमाणपत्र तपासतो, आणि त्या प्रमाणपत्राला मुदत असते. टीव्हीचं घड्याळ भलत्याच वर्षात गेलं असेल तर प्रत्येक प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं आणि तो जोडणी नाकारतो. वेळ ‘आपोआप’ वर ठेवा, न जमल्यास हाताने घाला.

जुन्या टीव्हीत याचीच उलटी बाजू दिसते. घड्याळ बरोबर असतं, पण टीव्हीत साठवलेली मूळ प्रमाणपत्रंच कालबाह्य झालेली असतात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असंच एक सर्वत्र वापरलं जाणारं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि अपडेट न मिळालेली बरीच जुनी उपकरणं कित्येक साइट उघडेनाशी झाली. टीव्हीच्या आत त्यावर इलाज कंपनीच्या अपडेटचाच, तिथे घरात बसून काही करता येत नाही.

टीव्ही आपोआप बंद होतो, किंवा आपोआप चालू होतो.

याची कारणं बरीच आहेत, म्हणून क्रमाने जा.

आधी निरुपद्रवी कारणं. स्लीप टायमर लागलाय का? काही तास रिमोटला हात लागला नाही तर टीव्ही स्वतःला बंद करतो, तशी ऊर्जाबचतीची सोय असते, ती चालू आहे का? मग एचडीएमआय सीईसी. या सोयीमुळे एचडीएमआयने (चित्र-आवाज नेणाऱ्या वायरने) जोडलेली उपकरणं एकमेकांना चालू-बंद करू शकतात. कंपन्या तिला वेगवेगळी नावं देतात: सॅमसंगकडे ॲनीनेट प्लस, एलजीकडे सिंपलिंक, सोनीकडे ब्राव्हिया सिंक. सेट टॉप बॉक्स किंवा साउंडबार झोपला की टीव्हीलाही झोपवतो, तो जागा झाला की टीव्हीही जागा होतो. सगळ्या एचडीएमआय वायर काढून टीव्ही एक दिवस एकटा चालवा. त्रास थांबला तर चोर सापडला.

त्यानंतर प्लग आणि एक्स्टेन्शन बोर्ड. सैल सॉकेटमध्ये टीव्ही क्षणभर वीज गमावतो आणि आपल्याला वाटतं तो स्वतः बंद झाला.

हे सगळं करूनही तो बंद होत असेल, कंपनीचा लोगो दिसून पुन्हा काळा होत असेल, पुन्हा लोगो, पुन्हा काळा, तर बिघाड आत आहे. पॉवर सप्लाय (आत वीज पुरवणारा भाग), मदरबोर्ड किंवा बिघडलेली सिस्टीम फाइल. आमच्याकडे हेच झालं होतं. रात्री जेवणं आटोपून बसलो की लोगो यायचा, कोपऱ्यातला लाल दिवा तीनदा लुकलुकायचा, पडदा काळा, मग परत लोगो. आठव्या-नवव्या खेपेला कधीतरी टीव्ही लागायचा, तोवर बसलेली माणसं उठून गेलेली असायची. तो लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा आणि लिहून ठेवा. अनेक कंपन्यांच्या टीव्हीत ती संख्या म्हणजे बिघाडाची खूण असते आणि तंत्रज्ञाला त्यावरून कुठला भाग गेलाय ते कळू शकतं. मला हे चौथ्या भेटीत कळलं.

आवाज येतो, चित्र नाही.

खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला अगदी जवळ, तिरका धरा. आत पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल (चित्र उमटवणारा पडदा) जिवंत आहे, बॅकलाइट (त्यामागचा उजेड) गेलाय. एलईडी टीव्हीत बॅकलाइटचे बारीक दिवे पट्ट्यांवर माळेसारखे जोडलेले असतात. माळेतला एक दिवा गेला की पुढचा प्रवाह तुटतो आणि सुरक्षेसाठी सर्किट सगळाच बॅकलाइट बंद करतं. हे दुरुस्त होतं, पट्ट्या बदलता येतात. (ओएलईडीला बॅकलाइट नसतो, तिथे ही चाचणी लागू नाही.)

‘पॅनेल गेलं, नवीनच घ्या’ असं सांगणाऱ्यासमोर ही टॉर्चची चाचणी करून दाखवा. आणि टीव्ही बरा असेल तेव्हाच बॅकलाइट १०० टक्क्यांवरून खाली आणा. दिवे तापतात कमी, टिकतात जास्त.

उभ्या रंगीत रेघा कायमच्या उमटल्या असतील तर मात्र बहुधा पॅनेल किंवा त्याची जोडणी, आणि ते काम महाग.

रिमोट मेला की टीव्ही?

फोनचा कॅमेरा सुरू करा, रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडे धरून बटण दाबा. कॅमेऱ्यात जांभळट ठिपका चमकला तर रिमोट चालतोय. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात तो दिसत नाही, पुढचा वापरा. ब्लूटूथ रिमोटला ही चाचणी बहुतेक वेळा फक्त पॉवरच्या बटणापुरती चालते. तो टीव्हीशी पुन्हा पेअर करून (जोडून) पाहा.

अपडेट आला आणि टीव्ही बिघडला. जुनं व्हर्जन परत आणता येईल का?

बहुतेक टीव्हीत नाही. कंपनीची सही असलेलंच सॉफ्टवेअर टीव्ही स्वीकारतो आणि मागे जायची वाट बंद केलेली असते. माझा सगळ्यात जास्त राग यावर आहे. वस्तू विकत घेतली तेव्हा ती नीट चालत होती, मी काही केलं नाही, रात्रीत कंपनीने तिच्यात बदल केला आणि सकाळी ती चालेना. अशा वेळी ‘वॉरंटी संपली’ हे उत्तर मला तरी पटत नाही, आणि तुम्हीही ते निमूट ऐकू नका.

सेटिंगमधल्या ‘माहिती’ भागात व्हर्जनचा क्रमांक असतो. त्याचा आजच फोटो काढून ठेवा. उद्या बिघाड झाला तर ‘अमुक क्रमांकापर्यंत ठीक होता, तमुक आल्यापासून बिघडला’ असं तारखेनिशी सांगता येईल. आपोआप अपडेट कायमचे बंद करा असं मी सांगणार नाही, कारण त्यांतच सुरक्षेच्या दुरुस्त्याही येतात. पण विजेचा भरवसा नसताना अपडेट सुरू करू नका. मध्येच वीज गेली तर टीव्ही लोगोवरच अडकून बसू शकतो.

टीव्ही ठणठणीत आहे, पण ॲपच चालेनासं झालं.

हे जुनं दुखणं आहे. २०१५ मध्ये यूट्यूबने आपली जुनी प्रणाली बंद केली आणि साधारण २०१२ च्या आणि त्याआधीच्या अनेक टीव्हींवरचं यूट्यूब ॲप निकामी झालं. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्स काही जुन्या सॅमसंग आणि व्हिझिओ (एक अमेरिकन कंपनी) टीव्हींवर चालायचं थांबलं. पडदे शाबूत होते. ॲपवाल्यांना जुन्या टीव्हीसाठी काम करत राहणं परवडत नाही, टीव्ही कंपनीला जुन्या मॉडेलला नवं सॉफ्टवेअर द्यायचं नसतं, आणि मधल्यामध्ये ज्याने पैसे मोजले तो अडकतो.

यावर उपाय एकच, बाहेरून स्ट्रीमिंग स्टिक किंवा बॉक्स, म्हणजे ॲप स्वतः चालवणारं छोटं उपकरण, एचडीएमआयला लावायचा.

स्टिक लावली की सगळं सुटेल?

हळूपणा, न उघडणारी ॲप, अर्धवट नेट हे सुटतं. टीव्ही मग नुसता पडद्याचं काम करतो आणि ते त्याला जमतं. स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून न देता तिच्या सोबतच्या अडॅप्टरने द्या, यूएसबीतून वीज कमी पडली की स्टिकही बंद पडायला लागते. बॅकलाइट, पॉवर सप्लाय, लोगोवर अडकणं यावर स्टिकचा काही उपयोग नाही.

वॉरंटी चालू असताना कस्टमर केअरने ‘स्टिक घ्या ना’ म्हटलं तर नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा. खोक्यावर ‘स्मार्ट’ लिहून विकलंय, तर ते स्मार्टपण चालवून देणं त्यांचं काम आहे.

फॅक्टरी रीसेट करू का?

एकदा करा. आधी पासवर्ड आणि ॲपची यादी लिहून ठेवा, सगळं पुसलं जातं. रीसेटनंतर लगेच सगळी ॲप घालू नका, दोन दिवस टीव्ही मोकळा चालवा. तरीही त्रास असेल तर दोष सिस्टीमचा किंवा हार्डवेअरचा, आणि ती तारीख लिहून ठेवलीत तर दुसऱ्यांदा कोणी रीसेट करायला सांगितलं तर उत्तर तयार असेल. मला पाच महिन्यांत सहा वेळा सांगितलं गेलं.

तंत्रज्ञ आला की टीव्ही शहाण्यासारखा वागतो. काय करावं?

यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण हरतो आपण इथेच.

अधूनमधून होणारा बिघाड सिद्ध करणं अवघड असतं. आमच्याकडे पहिल्या तीन भेटींत टीव्ही पहिल्या फटक्यात लागला. तंत्रज्ञ भला माणूस होता, पण त्याला वीस मिनिटांत पुढच्या घरी जायचं होतं. त्याने कागदावर ‘दोष आढळला नाही’ लिहिलं, मी सही केली, आणि तिकडे कंपनीच्या दप्तरी माझी तक्रार ‘निकाली’ निघाली. पुढच्या वेळी फोन केला की नवी तक्रार, नवा क्रमांक, सगळं पहिल्यापासून.

मग मी वही घातली. टीव्हीखालच्या कप्प्यातच, पेन दोऱ्याने बांधून. तारीख, वेळ, काय चाललं होतं, काय झालं, दिवा किती वेळा लुकलुकला. घरात जो असेल त्याने लिहायचं. वडिलांच्या मोठ्या अक्षरातल्या नोंदी त्यात सगळ्यात जास्त आहेत: ‘७.१०, बातम्या, बंद. ७.१४ परत बंद. ७.२० कंटाळलो.’ त्यातून एक गोष्ट दिसली जी आमच्या लक्षात आली नव्हती. टीव्ही थंड असताना, म्हणजे बराच वेळ बंद राहून पहिल्यांदा लावताना, त्रास द्यायचा. एकदा तापला की ठीक. तंत्रज्ञ नेहमी दुपारी यायचा आणि त्याच्या आधी आम्ही टीव्ही लावूनच बसलेलो असायचो! चौथ्या वेळी मी सकाळची वेळ मागितली आणि रात्रीपासून टीव्हीला हात लावू दिला नाही. त्याच्या डोळ्यांसमोर तो पाच वेळा लोगोवरून परत फिरला. आठवड्याने मदरबोर्ड बदलला.

तेव्हा वही ठेवा, आणि बिघाडाचे व्हिडिओ काढा. व्हिडिओ सलग असू द्या, सुरुवातीला टीव्हीच्या पाठीवरचा सीरियल नंबर दाखवा. तंत्रज्ञाच्या कागदावर सही करण्याआधी वाचा. ‘दोष आढळला नाही’ असं लिहिलं असेल तर खाली स्वतःच्या हाताने लिहा: ‘भेटीच्या वेळी दोष दिसला नाही, परंतु दोष कायम आहे, व्हिडिओ दाखवले.’ मगच सही, आणि कागदाचा फोटो.

फोनवर बोलणं झालं तरी त्याच दिवशी ईमेल करा. त्यात रागाचा मजकूर नको, आकडे हवेत. मी पाठवलेला मजकूर साधारण असा होता: ‘अमुक मॉडेल, अमुक सीरियल नंबर, अमुक तारखेला खरेदी. या महिन्यात टीव्ही १९ वेळा आपोआप बंद पडला, नोंदी आणि ४ व्हिडिओ जोडले आहेत. ३ भेटी झाल्या, तक्रार क्रमांक खाली दिले आहेत. एकाही भेटीत दोष दूर झालेला नाही. मला दुरुस्ती, बदली किंवा परतावा यांपैकी काय आणि किती दिवसांत मिळेल ते लेखी कळवावे.’ शेवटचं वाक्य सोडू नका. ‘काहीतरी करा’ या विनंतीला कंपनीकडे उत्तर नसतं, ‘काय, किती दिवसांत’ याला द्यावं लागतं.

घरात वयस्कर माणसं आहेत, त्यांना हे सगळं झेपत नाही.

वडील सुरुवातीला म्हणायचे, ‘अगं, मीच काहीतरी चुकीचं दाबलं असेल.’ बिघडलेल्या यंत्राने माणसाला स्वतःबद्दल असं वाटायला लावणं मला फार लागलं. त्यांच्यासाठी एवढं करा. टीव्ही चालू झाल्यावर होम स्क्रीनऐवजी थेट शेवटचं चॅनेल लागेल अशी सेटिंग बऱ्याच टीव्हींत असते, ती लावा. रिमोटवरची जी बटणं थेट ॲपमध्ये नेतात त्यांवर कागदी टेप चिकटवा. प्लग काढून पुन्हा लावणं वाकून करावं लागू नये म्हणून स्विच हाताच्या उंचीवर घ्या. आणि त्यांना एकदा स्पष्ट सांगा की बटण दाबून टीव्ही मोडत नाही.

टीव्ही आपण काय पाहतो ते कंपनीला कळवतो का?

अनेक टीव्हींत तशी सोय असते. पडद्यावरच्या चित्राचे नमुने घेऊन कार्यक्रम ओळखतात. २०१७ मध्ये अमेरिकेत व्हिझिओने परवानगीशिवाय हे केल्याच्या प्रकरणात २२ लाख डॉलर भरून तडजोड केली. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये ‘व्ह्यूइंग डेटा’ किंवा ‘कंटेंट रेकग्निशन’ अशा नावाखाली ते बंद करता येतं. बंद करा. चित्र, आवाज, ॲप कशावरही परिणाम होत नाही.

दुरुस्त करावा की नवीन घ्यावा?

बॅकलाइट, पॉवर सप्लाय, मदरबोर्ड असेल तर दुरुस्ती. वॉरंटीबाहेर पॅनेल गेलं असेल तर त्याची किंमत नव्या टीव्हीच्या जवळ जाते, तेव्हा विचार करा. नुसता हळू असेल तर नवीन घेऊ नका, स्टिक लावा.

घ्यायचाच झाला तर पडद्याच्या इंचांआधी दोन प्रश्न विचारा: सॉफ्टवेअरचे अपडेट किती वर्षं, आणि सुटे भाग किती वर्षं? युरोपियन युनियनमध्ये मार्च २०२१ पासूनच्या नियमानुसार मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर महत्त्वाचे सुटे भाग किमान ७ वर्षं आणि सुरक्षेचे अपडेट किमान ८ वर्षं मिळायला हवेत. म्हणजे कंपन्यांना हे जमतं. विक्रेता उत्तर देईल ते बिलाच्या मागे त्याच्याकडूनच लिहून घ्या आणि त्याचा फोटो वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.